बग बंद कोण करणार?

मागचा शनिवार-रविवार गंगापूरला होतो. (पुणेकरांसाठी खुलासा : नाशिकचं गंगापूर धरण नव्हे आणि दत्ताचं गाणगापूरही नव्हे. आमचं गंगापूर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. नोकरीला लागल्यापासून हा खुलासा मी किती वेळा केलाय, त्याची मोजदाद सोडून दिली आहे.)

माझ्या आतेभावाचं तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. सातबाऱ्याच्या प्रती, शाळेचे दाखले, परीक्षेचे फॉर्म, पीकविम्याचे अर्ज, सगळं तिथे होतं. दुकानात शिरलो तर दादाने पेढ्यांचा पुडा पुढे केला. म्हणाला, "घे. आपण जिंकलो ना रे!"

पेढा खाल्ला. पण खरं सांगतो, मला राग आला होता. दादावर नाही, त्या जिंकण्यावर. म्हणून आजचा हा वीकेंडचा लेख.

तर झालं होतं असं. दादाने एक मल्टिफंक्शन प्रिंटर घेतला, १९ हजार ८०० रुपयांना, पक्कं बिल घेऊन. वॉरंटी एक वर्ष किंवा ३० हजार पानं, जे आधी होईल ते. आठव्या महिन्यात, साधारण १८ हजार पानांवर, प्रिंटर बंद पडला. दिवस नेमके पीकविम्याचे. बाहेर वीसेक शेतकरी उभे, आणि आत मशीनवर लाल दिवा लुकलुकतोय.

सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला. वाळूजवरून तासाभराचा रस्ता. दादा मशीन मांडीवर घेऊन एसटीने गेला. काउंटरवरचा मुलगा आधी म्हणाला, "दुकानात वापरता ना? मग तुम्ही ग्राहकच नाही." मग मशीन ठेवून घेतलं. पाच दिवसांनी निरोप आला : बोर्ड जळालाय, कारण व्होल्टेज. वॉरंटी बाद. नवा बोर्ड ७ हजार ४०० रुपये. वर तपासणीचे पैसे वेगळे.

दादाचा फोन आला तेव्हा मी त्याला एकच प्रश्न विचारला. दुकानातला व्होल्टेज मोजायला कोणी आलं होतं का? नाही. म्हणजे त्या इंजिनिअरने गंगापूरचा व्होल्टेज संभाजीनगरात बसून मोजला! मानलं पाहिजे.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. आमच्याकडे एखाद्याने बग नोंदवला की तो डेव्हलपरकडे जातो. डेव्हलपरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : माझ्या मशीनवर तर चालतंय. दुसरं उत्तर : हा बग नाही, वापरणाऱ्याची चूक आहे. मीही ही दोन्ही उत्तरं भरपूर दिली आहेत, खोटं कशाला बोलू? पण म्हणूनच कुठल्याही बऱ्या कंपनीत एक नियम असतो. ज्याने कोड लिहिला, त्याने स्वतःचा बग स्वतः बंद करायचा नाही. टेस्टर बघणार, आणि तोच बंद करणार. डेव्हलपर लबाड असतो म्हणून हा नियम नाही. स्वतःचं पोर कुणाला वाईट दिसत नाही, म्हणून आहे.

वॉरंटीच्या जगात हा नियम नाही. बिघाड कुणामुळे झाला हे ठरवणार कोण? ज्याला दुरुस्तीचा खर्च सोसायचा आहे, तोच. बोर्ड उघडणार तो, बघणार तो, रिपोर्ट लिहिणार तो, तिकीट बंद करणारही तोच. तुमच्या हातात राहते ती फक्त जॉबशीट, आणि तिच्यावर तीन शब्द : 'व्होल्टेजमुळे बिघाड'. किंवा 'पाणी गेले आहे'. किंवा 'बाहेर उघडले आहे'. पुढे म्हणा, सिद्ध करा की तसं नाही!

आपण वॉरंटी घेताना मुदत बघतो. एक वर्ष की दोन? कॉम्प्रेसरवर दहा वर्षं? (त्या दहा वर्षांत बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरचा सुटा भाग असतो. गॅस भरण्याचे आणि मजुरीचे पैसे आपलेच. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि चष्मा घरी राहिलेला असतो.) पण मला आता वाटतं की मुदत ही दुय्यम गोष्ट आहे. खरा प्रश्न पुराव्याचा आहे. सिद्ध करायचं ते कुणी?

युरोपात याचं उत्तर कायद्यात दिलेलं आहे. युरोपियन युनियनमध्ये कंपनीचं कार्ड काहीही म्हणो, नव्या वस्तूवर विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षं असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, २०१९ च्या निर्देशाप्रमाणे पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो वस्तू देतानाच होता असं धरून चालतात. तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. आधी ही सवलत सहा महिन्यांची होती, ती वाढवून एक वर्ष केली. काही देशांनी दोन वर्षंही ठेवली आहे. म्हणजे बग बंद करायचा तर पुरावा डेव्हलपरने आणायचा.

आपल्याकडे काय आहे? कायदा नाही असं मुळीच नाही. १९३० चा वस्तुविक्री कायदा म्हणतो की माल ज्या कामासाठी घेतला त्या कामाला योग्य असला पाहिजे. पण करारात लिहून ही जबाबदारी झटकता येते, आणि किमान अमुक वर्षं वॉरंटी द्याच असं तो कुठेच म्हणत नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. (२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो तो त्यामुळेच.) आपल्या महाराष्ट्रात तर त्याही आधीपासून, १९७० च्या दशकात, बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती. पुढे २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. दादासाठी मी एक शनिवार घालवून तो वाचून काढला. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो, कारण उद्या तुमचाही फोन बंद पडणार आहे.

पहिली गोष्ट, 'दुकानात वापरता म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही' हे सरसकट खरं नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे, पण स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. दादाचं एकट्याचं दुकान. तो ग्राहक आहे. शिवणयंत्रावर घर चालवणारी बाईही ग्राहकच.

दुसरी, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. कार्डावर 'वाद फक्त अमुक महानगराच्या न्यायालयात' असं छापलेलं असतं, ते वाचून घाबरायचं नाही. कार्डात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमारच्या प्रकरणात कायम केलं.

तिसरी, ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचा वाद जिल्हा आयोगात जातो, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते. आधी ई-दाखिल पोर्टल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. 'बघू निवांत' म्हणून बसलात की संपलं.

चौथी, समोरच्याला उत्तराला ३० दिवस, वाढवून मिळाले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. निकालाची अपेक्षा तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिन्यांत. हे कागदावर. प्रत्यक्षात तारखा लांबतात. आयोगांमधल्या रिकाम्या जागांची दखल तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती.

म्हणजे कायद्यात टेस्टर आहे बरं का! आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण मेख अशी आहे की तपासणीचे पैसे आधी तक्रारदाराला भरायला सांगता येतात. आणि ती वस्तू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सर्व्हिस सेंटरने दोनदा उघडलेली असते. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग आधीच पुसलेले. १९ हजारांच्या प्रिंटरसाठी कोण एवढं करणार?

दादाही हेच म्हणत होता. "जाऊ दे रे. कामून डोक्याला ताप करून घेतो? सात हजार जातील. इकडं रोजचं गिऱ्हाईक चाललंय शेजारी." त्याचं गणित चुकीचं नव्हतं. दुकान एक दिवस बंद ठेवून संभाजीनगरला जायचं म्हणजे दिवसाची कमाई गेली, वर एसटीचं भाडं. कंपनीलाही हे गणित माहीत असतं. तिची खरी वॉरंटी तीच आहे : तुम्ही भांडणार नाही याची.

मी हट्टाला पेटलो. (शनिवारी रिकामा असलेला इंजिनिअर फार वाईट.) आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. उत्तर आलं : बोर्डावर अर्धी सूट देऊ. नको म्हटलं. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस. त्यात तीनच प्रश्न होते. बोर्डावर व्होल्टेजची खूण नेमकी कुठे आहे, तिचा फोटो द्या. मशीनवर २२० ते २४० व्होल्ट छापलंय, त्याच्या बाहेर किती गेला होता ते सांगा. आणि हे कुठल्या उपकरणाने मोजलं? पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा आयोगात तक्रार.

अकराव्या दिवशी फोन आला. बोर्ड फुकट बदलून मिळाला. सोबत एक पत्र : 'केवळ सद्भावना म्हणून, अपवादात्मक बाब म्हणून.' त्यावर दादाची सही घेतली, की आता काही तक्रार नाही.

हेच ते जिंकणं. पेढे वगैरे.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. त्या पत्रात चूक कबूल केलेली नाही. तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. फोटो नाही, आकडा नाही. बोर्डच कमजोर होता का? या मॉडेलचे किती बोर्ड असे गेलेत? कुणाला कळणार नाही. आमच्याकडे याला म्हणतात, एका गिऱ्हाइकापुरता पॅच द्यायचा आणि ट्रॅकरमध्ये बग नोंदवायचाच नाही. उद्या वैजापूरच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याचा तोच प्रिंटर त्याच कारणाने बंद पडला, तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. आणि त्याचा मामेभाऊ पुण्यात इंजिनिअर नसेल तर तो ७ हजार ४०० भरेल. सद्भावना आवाज करणाऱ्यालाच मिळते, गप्प बसणाऱ्याला बिल.

कंपनीची बाजूही बघायला हवी. लोक खोटं बोलतात. फोन पाण्यात पडतो आणि 'आपोआप बंद पडला' म्हणून आणतात. मराठवाड्यात विजेचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पंखा बघूनच व्होल्टेज कळतो. पुराव्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली तर वस्तू थोड्या महाग होतील, हेही मान्य. पण एक सांगा, खोटं बोलणारा पकडायची साधनं जास्त कुणाकडे आहेत? प्रयोगशाळा, बोर्डाचे नकाशे, हजारो मशीनची माहिती, सगळं कंपनीकडे. दादाकडे काय, एक टेस्टर, तोही स्क्रू फिरवायचा. ज्याच्याकडे साधनं आहेत त्याने पुरावा आणावा, यात अन्याय कसला?

'बाहेर उघडलं म्हणून बाद' हा दुसरा आवडता शेरा. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. त्यानुसार आमचेच सुटे भाग, आमचीच दुरुस्ती, नाहीतर वॉरंटी बाद, अशी अट सहसा घालता येत नाही. २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली. आपल्याकडेही ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं आणि तिथे काम केलं तर वॉरंटी नाकारणं, हेच मुद्दे होते. (पुढे अपिलं झाली, ती वेगळी कथा.) डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. दिशा बरी आहे. पण पोर्टल म्हणजे हक्क नव्हे.

आणि एक गोष्ट, जी गंगापूरच्या माणसाला विसरता येणार नाही. १९५५ साली नंदलाल माधवलाल धूत यांनी इथे गंगापूर साखर कारखाना काढला. त्याच घराण्याने १९८० च्या दशकात व्हिडिओकॉन उभी केली. चितेगावला टीव्ही तयार व्हायचे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत तोच टीव्ही होता. आपल्या माणसाची कंपनी, बिघडला तर कुठे जाणार! जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, आणि त्यात ग्राहक आयोगातले दावेही आले. २०२१ मध्ये मंजूर झालेली योजना सुमारे २,९६२ कोटींची होती, देणी त्याच्या कित्येक पट. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीही रद्द केली. या रांगेत कामगार आणि बँकाच ताटकळलेल्या. वॉरंटी कार्ड घेऊन उभा असलेला माणूस किती मागे असेल, याचा विचार करा. वॉरंटी म्हणजे कंपनीचं वचन, आणि वचन देणारा जिवंत असेपर्यंतच त्याला किंमत. म्हणून दुकानदार पाच वर्षांची जादा वॉरंटी गळ्यात मारायला लागला की मी हात जोडतो.

तर माझं म्हणणं थोडक्यात. वॉरंटीची वर्षं वाढवून फार काही साधणार नाही. तीन गोष्टी करा. पहिल्या वर्षातला दोष मुळातलाच धरा, उलट सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी, फोटो आणि मोजमापासह द्यायचं, नाहीतर नकार ग्राह्य नाही. आणि कुठल्या मॉडेलच्या किती वॉरंट्या कुठल्या कारणाने नाकारल्या, याची यादी दरवर्षी जाहीर करायची. सदोष माल परत बोलवायला लावण्याचा अधिकार २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे. त्यांना ही यादी द्या. एकाच मॉडेलचे पाचशे बोर्ड 'व्होल्टेजमुळे' गेले असतील तर दोष व्होल्टेजचा की बोर्डाचा, ते शाळेतलं पोरही सांगेल.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातातलं : पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा (थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटीच्या आधी उडतात). वस्तू देताना तिचा व्हिडिओ काढा. जॉबशीटवर तुम्ही सांगितलेला बिघाड तुमच्या शब्दांत लिहून घ्या. नकार तोंडी स्वीकारू नका, लेखी मागा. आणि गावाकडून असा फोन आला की 'जाऊ दे रे' म्हणू नका. आपण शिकलो त्याचा उपयोग ऑफिसातल्या अप्रेझलपुरताच आहे का?

असो. रविवारी निघताना दादाने विचारलं, "मग आता अजून काय पाहिजे तुला? मशीन तर चालू झालं." मी म्हटलं, "दादा, त्या पत्रावर तू सही करायला नको होती." तो हसला. म्हणाला, "अरे, बाहेर लाइन लागली होती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेढ्यांचा पुडा घेतला आणि स्टँडवर आलो.